सिनेगॉगचा हज्जन पाहुणा असला म्हणून काय झालं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या सिनेगॉगवर, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरांवर, जो मोठा लेख आला तो मी इथे अमेरिकेत मुलाकडे बसून मोबाईलवर वाचला. फोटो फार सुंदर होते, लिहिणाऱ्याने मेहनत घेतलीय हेही कळत होतं, पण सूर मात्र तोच जो आमच्याबद्दलच्या प्रत्येक लेखाला असतो, म्हणजे कुलूप, धूळ, उरलेली दोन-चार घरं, आणि आता तर इथे प्रार्थना गाऊन चालवणारा कायमचा हज्जनसुद्धा नाही, सणावाराला मुंबई-ठाण्याहून कुणीतरी येऊन प्रार्थना चालवतं, संपलं सगळं. मी स्वतः बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी यहुदी, माहेर अलिबागजवळचं, सगळं आयुष्य ठाण्यात गेलं, बँकेतून रिटायर झाले, आणि मला बोलायचंय ते फक्त त्या शेवटच्या मुद्द्याबद्दल. बाहेरून कुणी येऊन प्रार्थना चालवतं म्हणजे ती जमात संपली असं कुणी ठरवलं? मी जिथे उन्हाळा काढते तिथे साठएक वर्षं यहुदी प्रार्थना पाहुण्यांच्याच जिवावर चाललीय आणि तिथे कुणी रडत नाही, उलट शुक्रवारी खुर्ची मिळवायला लवकर जावं लागतं.

जागेचं नाव शटॉक्वा. आपल्याकडे बहुतेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते १२ ऑगस्ट २०२२ ला, मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींवर तिथल्या स्टेजवर चाकूहल्ला झाला तेव्हा, आणि वाईट याचं वाटतं की त्या गावाची ओळख तेवढीच राहिली. न्यूयॉर्क राज्याच्या पार पश्चिम टोकाला, बफेलोहून गाडीने दीडेक तासावर, शटॉक्वा नावाच्याच तळ्याच्या काठी हे गाव आहे. १८७४ मध्ये ल्युइस मिलर नावाचे एक कारखानदार (एडिसनचे नंतरचे सासरे) आणि जॉन व्हिन्सेंट नावाचे मेथॉडिस्ट पाद्री यांनी संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी तळ्याकाठी उन्हाळी शिबिर भरवलं, ते वाढत वाढत लाकडी घरांचं, व्हरांड्यांचं, व्याख्यानांचं आणि संगीताचं एक अख्खं गाव झालं. सीझन नऊ आठवड्यांचा, जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत. हजारो लोक येतात, सकाळी भाषण, दुपारी वर्ग, रात्री ऑर्केस्ट्रा, आणि रोज सकाळी उपासना. गाड्यांना आत जवळपास मज्जाव, सगळे चालतात नाहीतर सायकलवर. सप्टेंबर लागला की सामसूम, हिवाळ्यात बर्फात काहीशे माणसं राहतात तेवढीच.

तर अशा मूळच्या ख्रिस्ती शिबिराच्या गावात यहुदी माणसं यायला लागली, पिट्सबर्ग, क्लीव्हलंड, बफेलोकडची कुटुंबं, भाषणं आणि संगीत ऐकायला, आणि मग त्यांना वाटायला लागलं की नऊ आठवडे शाब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळचा विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस, चुकवायचा का. १९६० च्या सुमारास त्यांनी हिब्रू काँग्रिगेशन ऑफ शटॉक्वा अशी मंडळी उभी केली. स्वतःचं सिनेगॉग नाही, पगारी रब्बी नाही. दर आठवड्याला कुणीतरी रब्बी पाहुणे म्हणून येतात, बरोबर कँटर म्हणजे आपला हज्जन, नाहीतर निदान एखादा गाणारा किंवा गाणारी, शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार सकाळ चालवतात आणि आपल्या गावी परत जातात, पुढच्या आठवड्याला दुसरे. कधी बफेलोचे, कधी ओहायोतल्या यंगस्टाउनचे, कधी आणखी कुठले. यहुद्यांसाठी राहायची-बसायची जागा असलेलं एव्हरेट ज्युइश लाइफ सेंटर तर पार २००९ मध्ये झालं, आणि खबाद या सनातनी पंथाच्या लोकांचं वेगळं घर आहे. म्हणजे आधीची पन्नासएक वर्षं छप्पर दुसऱ्याचं आणि रब्बी पाहुणे, अशीच गेली.

शुक्रवारची प्रार्थना पाच वाजता तळ्याकाठी उघड्यावर, मिलर बेल टॉवर म्हणून विटांचा घंटेचा मनोरा आहे त्याच्या पायथ्याशी, पाऊस आला तर आत कुठेतरी हलवतात. तिथे पाच वाजता ऊन डोक्यावर असतं, जूनमध्ये सूर्य मावळायला जवळजवळ नऊ वाजतात, आमच्या घरातल्या जुन्या माणसांनी विचारलंच असतं की हा कसला शाब्बाथ, दिवस अजून पडायचाय. पण रात्री कार्यक्रम असतात, जेवणं असतात, मला वाटतं म्हणून ती वेळ धरलीय, आणि लोक ती पाळतात. लेखा दोदी हे शाब्बाथच्या स्वागताचं गाणं म्हणतात तेव्हा शेवटच्या कडव्याला सगळे उठून वळतात, शाब्बाथला नवरीसारखं आत घ्यायचं असतं ना, ते तसंच तिथेही, फक्त दाराच्या जागी गवत आणि झाडं. शेजारीच १८७४ पासूनची पॅलेस्टाइन पार्क नावाची जागा आहे, पवित्र भूमीचा जमिनीवर केलेला नकाशा, टेकड्या, जॉर्डन नदी, गावं, सगळं छोट्या आकारात, आणि तळं म्हणजे भूमध्य समुद्र समजायचा. दिशा मात्र उलट्या, कारण तळं पूर्वेला येतं. बायबल शिकवायला ख्रिस्ती शिक्षकांनी केलेलं ते, आणि दीड शतकानंतर त्याच्या बाजूला यहुदी माणसं खऱ्या यरुशलेमची गाणी म्हणतात. तिथून यरुशलेम पूर्वेला, म्हणजे तळ्याच्या बाजूला. आमच्या कोकणात ते पश्चिमेला, अरबी समुद्रापार, सिनेगॉगमधलं हेखाल, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाटसुद्धा त्याच दिशेला. दोन्हीकडे मध्ये पाणी आहे हे मला तिथे बसल्यावर जाणवतं आणि बरं वाटतं.

आता पाहुणा रब्बी येऊन नेमकं काय करतो हे सांगायला हवं कारण आपल्याकडे गैरसमज आहे की रब्बी म्हणजे भटजी किंवा पाद्री, तो नसेल तर पूजाच होणार नाही. तसं नाहीये. रब्बी म्हणजे शिकलेला माणूस, धर्मशास्त्र सांगणारा. प्रार्थना चालवायला रब्बीच लागतो असं नाही, ज्याला येते त्या कुणीही चालवावी, लागतात ती दहा माणसं, मिन्यान. सनातनी मंडळी दहा पुरुष मोजतात, रिफॉर्म आणि आता बहुतेक कॉन्झर्व्हेटिव्ह या नव्या पंथांची मंडळी बायकांनाही मोजतात. त्यामुळे शटॉक्वाला पाहुणे बदलत राहतात पण प्रार्थना बदलत नाही, कारण ती पाहुण्यांकडे नसतेच मुळी. ती असते तिथल्या मंडळींकडे. खुर्च्या कोण मांडणार, पुस्तकं कोण वाटणार, आलेल्या नव्या माणसाला पान कोण दाखवणार, किद्दुशची म्हणजे शाब्बाथच्या आशीर्वादाची दारू आणि हाला म्हणजे वेणीचा पाव कोण आणणार, या आठवड्यात कुणाच्या आईवडिलांची पुण्यतिथी आहे ती यादी कुणाकडे, शनिवारी प्रार्थनेनंतर जेवण कोण मांडणार, हे सगळं तीच माणसं वर्षानुवर्षं करतात. पाहुणा येतो तो तयार घरात येतो. एखादा रब्बी गिटार घेऊन येतो, एखादा शाब्बाथला वाद्याला हात लावत नाही, एखादे प्रवचन लांबवतात, एखादे दोन मिनिटांत मुद्दा सांगून बसतात, पण किद्दुश तीच, आणि "देव एकच आहे" म्हणणारा शेमा तोच.

हे वारकऱ्यांना लगेच कळेल. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा रोज कीर्तनकार नवा, आज पैठणचे महाराज, उद्या आळंदीचे, पण वीणा गावाच्या खांद्यावर, टाळकरी गावचे, पंगत गावची. कीर्तनकार बाहेरून आले म्हणून गावाची भक्ती संपली असं कुठल्या पेपरात छापून आलेलं मी वाचलं नाही.

हज्जनची गोष्ट थोडी वेगळी, ती मात्र अवघड आहे. हिब्रू प्रार्थनेला वेळेप्रमाणे सूर असतात, शुक्रवार संध्याकाळचा वेगळा, शनिवार सकाळचा वेगळा, मोठ्या सणांचा आणखी वेगळा, आणि त्यावर प्रत्येक देशाच्या चाली. बाहेरचा गायक आला आणि त्याने आपल्याच चाली लावल्या तर माणसं गप्प बसतात, तोंड हलतं पण आवाज येत नाही, हे मी शटॉक्वालाही पाहिलंय आणि ठाण्यालाही. मग चांगले पाहुणे काय करतात, तर आधी विचारतात की तुमच्याकडे हे कसं म्हणतात, दोन-तीन चाली त्यांच्या घेतात, एखादीच आपली नवी शिकवतात, ती पण दोनदा-तीनदा म्हणून घेतात, आणि ती चाल मग तिथे राहते, पुढच्या उन्हाळ्यात दुसराच कुणी पाहुणा आला तरी लोक ती म्हणतात. एका उन्हाळ्यात एका कँटरबाईंनी मला प्रार्थनेनंतर विचारलं की इंडियातल्या तुमच्या चाली कशा, मी त्यांना आमच्या मालिदाच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या प्रसादाच्या वेळची एलियाहू हनाबीची (एलिया संदेष्ट्याची) चाल म्हणून दाखवली, पोह्यांचं ताट, ओलं खोबरं, साखर, फळं, ते सगळं सांगितलं. त्यांनी फोनवर रेकॉर्ड करून घेतली. मला गाता येत नाही फारसं, पण त्यांनी ज्या आदराने ऐकलं तो आदर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने दाखवला असता तर आमच्या पुष्कळ चाली टिकल्या असत्या.

शनिवारी सकाळी प्रार्थना हर्लबट चर्चमध्ये. हो, चर्चमध्ये, मेथॉडिस्टांच्या. माझे वडील असते तर आत पाय टाकताना घुटमळले असते हे नक्की, पण त्या चर्चने इतकी वर्षं आपलं दार दुसऱ्या धर्माच्या उपासनेला उघडलंय, कुणी त्याचा गाजावाजा करत नाही, ते मला फार मोठं वाटतं. तिथे तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, हाताने लिहिलेल्या गुंडाळीतून वाचतात. वर्षभरात पाची पुस्तकं वाचून पूर्ण करायची असतात आणि दर शनिवारचा भाग जगभर बहुधा एकच, त्यामुळे शटॉक्वाच्या नऊ आठवड्यांत दरवर्षी साधारण तेच भाग येतात, गणना या चौथ्या पुस्तकाचा मधला-शेवटचा भाग आणि अनुवाद या पाचव्या पुस्तकाची सुरुवात. गुंडाळीत नुसती अक्षरं असतात, स्वरचिन्हं नाहीत, चालीच्या खुणा नाहीत, वाचणाऱ्याला ते आधी पाठच करून यावं लागतं, त्यात पाहुणा रब्बी सगळं वाचत नाही, सुट्टीवर आलेला कुणी डॉक्टर, कुणी शिक्षिका, दोन-चार ओळी घरून तयार करून येतात. जुलैत सलाफहादच्या पाच मुलींची गोष्ट येते, बापाला मुलगा नव्हता म्हणून त्या मोशेसमोर उभ्या राहिल्या आणि वारसा मागितला आणि देवाने म्हटलं, मुली बरोबर बोलतायत. ती गोष्ट मी एका रब्बीबाईंच्या तोंडून ऐकली. अमेरिकेत पहिल्या रब्बीबाई, सॅली प्रीसँड, १९७२ मध्ये झाल्या, पहिल्या कँटर बार्बरा ऑस्टफेल्ड १९७५ मध्ये. माझी आई सिनेगॉगात वर बायकांच्या गॅलरीत बसायची आणि खालचं तिला निम्मं ऐकू यायचं नाही. पण आपल्या मुंबईतही १९२५ मध्ये ज्युइश रिलिजस युनियन निघाली होती, डॉ. जेरुशा झिराड त्यात पुढे होत्या, त्यांच्या रोडेफ शालोममध्ये बायका-पुरुष एकत्र बसायचे, हे किती मराठी वाचकांना ठाऊक आहे? ते छापा ना कधी.

आणि काद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. यासाठी तरी मिन्यान लागतंच. आईवडील गेले की मुलांनी अकरा महिने काद्दिश म्हणायचं असतं, आणि ते एकट्याने म्हणता येत नाही, दहा माणसं "आमेन" म्हणायला हवीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुःख थांबत नाही. माझे यजमान गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मुलगा मला शटॉक्वाला घेऊन गेला, तो काद्दिशला उभा राहिला, त्या चर्चमध्ये आम्हाला ओळखणारं कुणीही नव्हतं, रब्बी पाहुणे, आम्ही पाहुणे, शेजारी बसलेलेही बहुतेक आठवड्याभराचे पाहुणे, आणि सगळ्यांनी मिळून आमेन म्हटलं. नंतर जेवताना एक म्हातारे गृहस्थ येऊन त्याला म्हणाले, उद्या परवा पण लागेल ना, माणसं मी जमवतो. आणि जमवली. ज्या जागेला कायमचा रब्बी नाही तिथे हे झालं, म्हणून मला आपल्या लेखातली ती ओळ खटकली.

आता आमच्या इतिहासाकडे या. बेने इस्राएलांचं सगळं उभं राहिलं तेच पाहुण्यांमुळे. आमच्यात सांगतात की नवगावजवळ गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, पुस्तकं बुडाली, शेकडो वर्षं आम्ही तेल गाळत राहिलो, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली, आणि प्रार्थनेतलं फक्त शेमा आठवणीत उरलं. मग दावीद रहाबी नावाचा परका यहुदी आला, केव्हा आला यावर इतिहासकारांत मोठा वाद आहे, पण त्याने काय केलं ते घराघरात सांगतात. त्याने आल्या आल्या शिकवायला सुरुवात केली नाही. त्याने बायकांना मासे शिजवायला दिले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे मिसळून, आणि आमच्या बायकांनी बिनखवल्यांचे बाजूला काढून ठेवले. म्हणजे आधी त्याने यजमानांना काय येतं ते पाहिलं. मग त्याने तीन घराण्यांतली पोरं शिकवली, झिराडकर, राजपूरकर, शापूरकर, त्यांना काझी म्हणायचे, आणि हे काझी गावोगाव फिरून लग्नं, सुंता, प्रार्थना करायचे. तेव्हा कुठल्या गावात कायमचा हज्जन होता? नव्हताच. सिनेगॉगसुद्धा नव्हतं, ते मुंबईत पहिलं १७९६ ला सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं, आणि त्यानंतरही शिकवायला माणसं कोचीनहून आली. कोचीनचे शेलोमो सालेम शुराबी मुंबईत हज्जन म्हणून राहिले आणि कोकणातल्या लोकांना धर्म शिकवण्यात त्यांनी आयुष्य घातलं, अलिबागचं मागेन आबोथ १८४८ चं, ते याच काळातलं. म्हणजे आज ज्याला आपण उतरती कळा म्हणतो तीच आमची मूळची पद्धत. मधला शंभर-सव्वाशे वर्षांचा काळ, जेव्हा गावोगावी घरं भरलेली होती आणि प्रत्येक सिनेगॉगला आपला माणूस होता, तो एक चांगला काळ होता, पण तेवढाच खरा आणि बाकी सगळं पडझड, असं नका लिहू.

एक गोष्ट सांगायला मला फार आवडते. ज्या भागात शेमा येतं, अनुवादाच्या सहाव्या अध्यायात, तो भाग तिशा बेआवच्या, म्हणजे यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाच्या उपवासानंतरच्या शनिवारी वाचतात, म्हणजे जुलै अखेर-ऑगस्टमध्ये, शटॉक्वाच्या सीझनमध्येच. आमच्या पूर्वजांकडे जे उरलं होतं तेच त्या दिवशी गुंडाळीतून वाचलं जातं. मी त्या शनिवारी कधीच घरी राहत नाही.

फरक मला कळतात हो. शटॉक्वाला पैसा आहे, उन्हाळ्यात तिथलं घरभाडं ऐकून माझे डोळे पांढरे झाले होते, आत जायला पास लागतो, तिथे येणारे लोक खाऊनपिऊन सुखी, आणि आजूबाजूच्या शहरांत रब्बी आणि कँटर पुष्कळ. कोकणात तसं नाही. आमची बहुतेक मंडळी इस्राएलला गेली, भारतात उरली ती चार-पाच हजार, त्यातली बरीचशी मुंबई आणि ठाण्यात. पेण, रेवदंडा, अलिबाग इथे दर शनिवारी दहा माणसं जमवणं जड जातं हे खोटं नाही. आणि पाहुण्याच्या प्रार्थनेत एक उणीव राहतेच, त्याला तुमचं घर माहीत नसतं, आजी आजारी आहे, नातीचं लग्न ठरत नाहीये, दोन भावांचं बोलणं बंद आहे, हे गावच्या हज्जनला न सांगता कळायचं, पाहुण्याला कुणीतरी सांगावं लागतं. शटॉक्वाला आणि आमच्याकडे एकच मोठी अडचण सारखी आहे, राहायची सोय. शाब्बाथ पाळणारा माणूस गाडीत बसत नाही, म्हणजे तो शुक्रवारी सूर्यास्ताआधी पोचला पाहिजे आणि शनिवारी तारे दिसेपर्यंत तिथेच राहिला पाहिजे, चालत जाता येईल इतक्या अंतरावर. शटॉक्वाला हे सोपं कारण तिथे तसेही सगळे चालतात आणि मंडळी पाहुण्याची सोय बघतात. आमच्याकडे कुणी विचारलं तर आम्ही देऊ म्हणतो, पण विचारायचं कुणी आणि कुणाला हेच ठरलेलं नाही.

म्हणून या पत्राच्या निमित्ताने माझ्या समाजाच्या लोकांना, जे आपला पेपर वाचतात, इस्राएलमध्ये लोद-अश्दोदला बसून ऑनलाइन वाचतात तेसुद्धा, एक सुचवायचंय. महिन्यातून एक शाब्बाथ ठरवा. पहिल्या महिन्यात अलिबाग, मग पनवेल, मग पेण, मग रेवदंडा, आणि परत पहिल्यापासून. ठाण्या-मुंबईतला जो कुणी प्रार्थना चालवू शकतो त्याने वर्षातला एक शाब्बाथ द्यावा, रब्बीच हवा असं नाही, पाठ असलेला कॉलेजातला मुलगाही चालेल. इस्राएलहून सुट्टीवर येणाऱ्यांनी तारखा आधी कळवाव्यात, नुसतं वडिलोपार्जित घर आणि एलियाहू हनाबीचा टापा (त्यांच्या घोड्याच्या खुणा मानतात तो खडक) पाहून फोटो काढून परत जाऊ नये, तेवढी एक शुक्रवारची रात्र थांबावं. आता भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे, दुपारी निघालं तर अंधार पडायच्या आत अलिबागच्या इस्राएल आळीत पोचता येतं, पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात तेव्हा रस्त्याने जा. तिथल्या घरांनी दोन खोल्या आणि शनिवारचं जेवण तेवढं धरावं, आणि आपल्या चाली कागदावर किंवा फोनवर रेकॉर्ड करून ठेवाव्यात म्हणजे येणाऱ्याला आधी पाठवता येतील. माझ्या घरच्या मी करून ठेवल्यात. जानेवारी-फेब्रुवारीत एलियाहू हनाबीच्या उरुसाला एवढी माणसं कशी जमतात? कारण तारीख सगळ्यांना ठाऊक असते. शाब्बाथची तारीख ठरली तर तेव्हाही जमतील.

आणि आपल्याला, संपादक महोदय, एवढंच की पुढच्या वेळी बातमीदार पाठवाल तेव्हा कुलूप असताना नका पाठवू. २०१६ मध्ये राज्य सरकारने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हाही सगळ्यांनी बंद दाराचेच फोटो छापले होते. सिनेगॉग केव्हा उघडणार, कोण येणार, कुणाच्या घरी उतरणार, जेवायला काय आहे, हे विचारा आणि ते लिहा. शनिवारी यायचं असेल तर या, पण कॅमेरा बाहेर ठेवावा लागेल, वही-पेनसुद्धा, शाब्बाथला लिहीत नाहीत, डोकं झाकायला रुमाल बरोबर आणा आणि डोक्यात ठेवून रविवारी लिहा. मालिदाचे फोटो हवे असतील तर कामाच्या वारी ठरवू, मी नोव्हेंबरमध्ये ठाण्याला परत येतेय.

आपली,
एक वाचक, ठाणे (सध्या मुक्काम बफेलो)